फोटोत आलेलं बोट

फोटोवाले काका दिवसभर गिऱ्हाइकांना एकच सांगायचे, "हलू नका." आणि संध्याकाळी दुकानाचं शटर ओढलं की गच्चीवर जाऊन, जे क्षणभर स्थिर राहत नाही त्याच्याच मागे लागायचे. समोरच्या बंद गिरणीच्या कौलांतून दिवेलागणीला वटवाघळं बाहेर पडत. काकांचा डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला, त्यामुळे ती कुठून निघाली हे त्यांना कधीच कळत नसे. ते काम काकूंचं. शेजारी बसून भाजी निवडता निवडता त्या एकदम ओरडायच्या, "अहो, ती बघा!" आणि नेमकं कॅमेऱ्यासमोर बोट करायच्या.

रोल धुतला की काका डोक्याला हात लावायचे. वटवाघूळ पसार, आभाळ कोरं आणि कोपऱ्यात काकूंचं बोट. "अगं, रोल काय झाडाला लागतात? आवर ते बोट!"

"मग दाखवू कशानं, नाकानं?"

काकूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. लेकीनं नवा कॅमेरा आणून दिलाय. त्यात वटवाघळाच्या पंखातली शीरन् शीर दिसते. मध्ये कुणी कडमडत नाही. असा एक फोटो लेकीनं मोठा करून दुकानात लावायला आणला. काका "झकास" म्हणाले आणि तो त्यांनी खणात ठेवून दिला. भिंतीवर चढवला तो जुनाच, पिवळट पडलेला.

गिऱ्हाइकं विचारतात, "काका, यात वटवाघूळ कुठंय?"

"ते निसटलं हो," काका खेकसतात, "पण दाखवणारी आलीय ना!"