एकेरी रस्त्याचं वर्ष

पुढे रस्त्याचं काम चाललं होतं म्हणून सुनेने गाडी थांबवली. शेजारी बसलेले सासरे जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. उकरलेली माती आणि पिवळी हेल्मेटं बघून ते पंचवीस वर्षं मागे गेले.

तेव्हा टेकडीवरचा रस्ता रुंद होत होता. वर्षभर एकच बाजू चालू. वळणावर एक बाई लाल-हिरवी निशाणं घेऊन उभी असे. लाल दिसलं की थांबायचं, समोरच्या गाड्या जाऊ द्यायच्या. सासऱ्यांना मात्र थांबणं जिवावर येई. डेपोत सगळे त्यांना घाईबुवा म्हणत, ते काही उगाच नाही.

एका सकाळी उशीर झाला होता. लाल निशाण दिसत असूनही त्यांनी बस तशीच पुढे दामटली. वळतात तो काय, समोर खडीने भरलेला डंपर! करकचून ब्रेक दाबला. हातभर अंतर उरलं. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खणलेला चर, आत चाळीस माणसं. घाईबुवांना दरदरून घाम फुटला.

बाई धावत आली. आता ही चांगली खरडपट्टी काढणार, असं त्यांना वाटलं.

"दादा, आरशात फक्त माझ्याकडे बघा," ती म्हणाली. "मी सांगते तसं मागे घ्या."

ती मागे उभी राहून हात हलवत राहिली आणि बस इंचाइंचाने मागे आली. मग ती खिडकीपाशी आली. "त्या चरात माझा नवरा काम करतो. उद्यापासून थांबत जा."



दुसऱ्या दिवसापासून ते निशाणाच्या वीस पावलं आधीच थांबू लागले. तिच्यासाठी गार पाण्याची बाटली आणू लागले. तिच्या लेकीचा पहिला दात पडला, नवऱ्याला ताप आला, सगळं तिथेच कळे. "इथेच बिऱ्हाड थाटा आता!" कंडक्टर चिडवी.

मग रस्ता झाला. एका सोमवारी वळण रिकामं होतं. बस सुसाट गेली, प्रवासी खूश झाले. त्यांना मात्र दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. तिचं नावसुद्धा विचारायचं राहून गेलं होतं.

"बाबा, हॉर्न देऊ?" सुनेने विचारलं.

"नको गं. आपल्याला कुठे आग विझवायला जायचंय?"

हिरवं निशाण हललं. "सावकाश घे, कडेला माणसं आहेत," ते म्हणाले आणि काच खाली करून हेल्मेटखालचा एकेक चेहरा न्याहाळत राहिले.