काळ्या कापडातला डबा

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मोताळ्याहून निघालेल्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर काळ्या कापडात गुंडाळलेला डबा होता आणि त्यात अंधारात वाढवलेले सोयाबीनचे कोंब. असल्याच कोंबांवर केलेल्या वेस्टर्न ब्लॉटचा, म्हणजे हवं ते प्रथिन असलं तर काळी पट्टी उमटवणाऱ्या चाचणीचा, फोटो तिची मैत्रीण प्रयोगशाळेतून पाठवणार होती. राजूर घाटात रेंज गेली, तशी ती नखं कुरतडायला लागली.

घाट चढून येताच मोबाइल वाजला. करड्या फोटोत एक ठळक काळी पट्टी!

"आली! पट्टी आली!" ती एवढ्यानं ओरडली की कंडक्टरही वळला.

पलीकडची म्हातारी फोटोवर वाकली. "कोनाची सोनोग्राफी हाय वं माय?"

"सोयाबीनची, आजी! ज्या प्रथिनानं झाडाले उजेड कळते, ते हे. कोंब वाटून साऱ्या प्रथिनांतून हेच एक हुडकलं. अंधारात लय असते, उजेड लागला का विरून जाते."

"मंग ह्या डब्यातलंबी?"

"हाव ना."

म्हातारीनं खिडकीतल्या उन्हाकडे रागानं पाहिलं, आणि पोटुशा लेकीला सावली करावी तसा आपला पदर त्या डब्यावर ओढला.