साडूंची लाल वही

माझ्या साडूंइतकं इंग्रजी भाषेवर निरपेक्ष प्रेम करणारा माणूस खुद्द इंग्लंडातही झाला नसेल. हे मी लिहायला हवं होतं नऊ वर्षांपूर्वी. पण त्यांच्याबद्दल लिहायचं तर सगळंच लिहावं लागेल, आणि सगळं लिहायचं तर माझ्या वाट्याचंही लिहावं लागेल, म्हणून मी टाळत आलो. आता अठ्ठ्याहत्तरी उलटली. आणखी टाळायला फारशी जागा उरलेली नाही.

साडू म्हणजे माझ्या मेहुणीचे यजमान. आम्ही दोघंही बोर्ली पंचतनचे, दोन आळ्यांच्या अंतरावर राहणारे. मी त्यांना भाऊसाहेब म्हणायचो आणि ते मला साडूभाऊ. अलिबागला एका सरकारी कचेरीत ते टंकलेखक होते. साहेबांची इंग्रजी पत्रं टंकता टंकता त्यांना एक शोध लागला: इंग्रजीत कुठलंही विशेषण कुठल्याही नामाशेजारी बसत नाही. तिथे सोयरीक जुळावी लागते. राग, आनंद, दुःख, आशा, अज्ञान ही हाताला न लागणारी सगळी नामं त्यांच्या मते उपवर मुली होत्या आणि विशेषणं ही स्थळं. 'जॉय'ला 'ग्रेट' चालतो, 'सॉरो'ला 'डीप' लागतो, 'होप' असेल तर 'हाय'. "बघा साडूभाऊ," ते म्हणायचे, "आपल्याकडे दुःखाचा डोंगर कोसळतो. त्यांच्याकडे दुःख खोल असतं, विहिरीसारखं. आपण खाली चिरडतो, ते आत बुडतात. मरण एकच, पण पद्धत वेगळी!" आणि स्वतःच खूश होऊन मांडीवर थाप मारायचे.

'अटर' या शब्दाला ते अशुभ मानत. हा गृहस्थ जाईल तिथे काहीतरी बिघडलेलंच असतं, म्हणत. 'अटर नॉनसेन्स', 'अटर फेल्युअर', 'अटर कन्फ्यूजन'. मंगलकार्यात त्याला बोलवायचं नाही. 'शिअर' त्यापेक्षा बरा, तो नशिबाबरोबरही राहतो आणि मूर्खपणाबरोबरही, दोन्ही घरी जेवतो. पण त्यांचा खरा राग होता 'व्हेरी'वर. "व्हेरी म्हणजे हायवेवरच्या हॉटेलातली ग्रेव्ही. पनीर मागा, मटार मागा, वर ओततात तेच." त्यांच्यासमोर 'व्हेरी' म्हणणाऱ्याला चहा मिळायचा, पण बिस्किट मिळायचं नाही.

निवृत्तीनंतर या विद्येला बांध राहिला नाही. बाजारात मासळी घ्यायला गेले की पापलेटाचा कल्ला उचलून बघत आणि गंभीरपणे "कन्सिडरेबल फ्रेशनेस" असा निकाल देत. कोळीण म्हणायची, "भाऊ, तुमचा इंग्रेजी ठेवा घरा. पापलेट घ्याचा हाय का न्हाय?" पुढे तीच इतकी तयार झाली, की कुणी घासाघीस करायला लागलं की कमरेवर हात ठेवून "अटर नॉनसेन्स!" असं ठणकावून सांगायची. भाऊसाहेबांना वाटलं, आपण जन्माला येऊन काहीतरी केलं. एकदा त्यांच्या पोटात दुखायला लागलं म्हणून मी त्यांना श्रीवर्धनला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, फार दुखतंय का? भाऊसाहेबांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "सिव्हिअर पेन म्हणता येणार नाही. माइल्ड डिसकम्फर्टही नव्हे." डॉक्टर म्हणाले, "ते तुम्ही ठरवा सावकाश. तोवर कुठे दुखतंय ते बोटाने दाखवा."

शेजारचे सुपारीचे व्यापारी चाचा मुलाच्या आखातातल्या नोकरीचा अर्ज घेऊन आले, तर भाऊसाहेबांनी चार दिवस अर्ज ठेवून घेतला. 'इंटरेस्ट'ला 'कीन' लावला, 'एक्स्पीरियन्स'ला 'एक्स्टेन्सिव्ह'. चाचांनी तो अर्ज अत्तराच्या कुपीसारखा अलगद हातात घेतला. "भाऊसाहेब, एवढा कीन इंटरेस्ट तर आमच्या पोराला निकाहमध्ये पण नव्हता," असं म्हणाले. नोकरी लागली. चाचांनी खजूर पाठवला. तेव्हापासून पंचक्रोशीतला एकही इंग्रजी अर्ज त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे जाईना. आमच्या नातलगांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर त्यांची जरबच होती. एक दूरचे काका वारले तेव्हा कुणीतरी 'व्हेरी सॅड' असं टाकलं. काकांना अजून घराबाहेरही काढलं नव्हतं, तोवर भाऊसाहेबांचा संदेश आला: 'डीप सॉरो किंवा हार्टफेल्ट सिंपथी. कृपया दुरुस्ती करावी.' त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं. आठ दिवसांत एका भाचीला इंग्रजीत राजीनामा लिहायचा होता, तेव्हा सन्मानाने परत घेतलं.

या सगळ्या सोयरिकी त्यांनी एका लाल पुठ्ठ्याच्या जाड वहीत लिहून ठेवल्या होत्या. अडतीस वर्षं. एका नामाला एक पान. उजवीकडे जमणारी स्थळं, डावीकडे न जमणारी, खाली 'पत्रिका जुळत नाही' असा शेरा. रेडिओवरच्या बातम्या, औषधांच्या खोक्यातले कागद, रो-रो बोटीवरच्या सूचना, जिथे जोडी दिसेल तिथून टिपलेली. ती वही घराबाहेर जात नसे. मेहुणीबाई म्हणायच्या, "मला माहेरी एकटीला पाठवतील, पण वहीला नाही."

ती वही एकदाच घराबाहेर गेली, माझ्याकडे.

माझ्या मुलाचं लग्न ठरलं ते दूरच्या, मराठी न येणाऱ्या मंडळींकडे. साखरपुड्यात मला स्वागताचं चार मिनिटांचं इंग्रजी भाषण करायचं होतं. भाऊसाहेबांनी आपणहून वही कापडी पिशवीत घालून आणून दिली. "आनंदाचं पान घ्या, कृतज्ञतेचं घ्या. घाई करू नका. चार दिवस ठेवा." भाषण असं झालं की व्याही उठून मला भेटले. मी 'इमेन्स प्लेझर' म्हणालो तेव्हा मागच्या रांगेत भाऊसाहेब ओठ हलवत माझ्याबरोबर म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी आमच्या बागेतला आंबा भरायला कामाच्या बाया आल्या होत्या. आमच्याकडे पेटी भरताना खाली पेंढा घालतात आणि प्रत्येक थरात रद्दी फाडून कोंबतात, म्हणजे फळ हलत नाही. पडवीत रद्दीचा ढीग होता. मी वही परत द्यायला निघालो होतो, तेवढ्यात मुंबईच्या दलालाचा फोन आला. रेंजसाठी अंगणात गेलो आणि जाताना वही हाताजवळच्या ढिगावर ठेवली. तसाच पुढे बागेत गेलो. तिसऱ्या प्रहरी परत आलो तेव्हा बायांनी साठ पेट्या भरल्या होत्या आणि टेम्पो निघून गेला होता. ढिगाच्या जागी नुसता लाल पुठ्ठा पडला होता. बायांची चूक नव्हती. ढिगावर जे असतं ते फाडायचं, हे मीच त्यांना शिकवलं होतं. मुंबईत कुणीतरी हापूस काढताना हातात 'प्रोफाउंड ग्रॅटिट्यूड' आली असेल.

पुठ्ठा मी बंबात घातला.

चौथ्या दिवशी भाऊसाहेब आले. दारातूनच म्हणाले, "साडूभाऊ, झालं का काम? वही नेतो." आणि मी, ज्याने आयुष्यात कुणाचा लोटाही ठेवून घेतला नाही, तो मी म्हणालो, "अहो, काल दिली की तुम्हाला! बाजारात. तुम्हीच पिशवीत घातलीत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक क्षणच. मग हातातल्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं. "दिलीत? हो... दिली असेल. मग घरीच असणार."

त्यांनी घर उलथंपालथं केलं. मेहुणीबाईंनी लोणच्याच्या बरण्यांमागेही पाहिलं. मी मदतीला गेलो, माळ्यावर चढलो, आणि जी वस्तू तिथे नाही हे मला माहीत होतं ती दोन तास शोधली. पुढे ते कडी लावली का हे तीनतीनदा बघून येऊ लागले. "मी जेवलो ना गं?" असं बायकोला विचारू लागले. अर्ज घेऊन येणाऱ्यांना म्हणायचे, "दुसरीकडे दाखवा बाबा, माझं डोकं आता भरवशाचं नाही." अलिबागला तपासण्या केल्या, सगळं ठीक निघालं. ते म्हणाले, "रिपोर्टला काय कळतं? जन्माची वही कुठे ठेवली ते मला आठवत नाही." एकदा ग्रुपवर कुणीतरी 'व्हेरी व्हेरी हॅपी' लिहिलं. मी रात्रीपर्यंत वाट पाहिली. भाऊसाहेबांनी काही दुरुस्त केलं नाही.

मी तीनदा सांगायला गेलो. दोनदा मेहुणीबाई समोर होत्या, म्हणजे ते माझं निमित्त झालं. तिसऱ्यांदा ते एकटेच झोपाळ्यावर होते. मी तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "बरं झालं आलात. मला तुमची माफी मागायची होती. त्या दिवशी तुम्ही वही दिली म्हणालात आणि मला क्षणभर वाटलं, साडूभाऊ खोटं बोलतायत. मनात आलं एवढंच, पण आलं. सिन्सिअर अपॉलॉजीज." मग कित्येक महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर जुनी चमक आली. बोट वर करून म्हणाले, "डीप नाही हं. डीप ते रिग्रेट. अपॉलॉजी सिन्सिअर."

मी म्हणालो, "असू द्या हो. चालायचंच."

दीड महिन्यात ते गेले. झोपेत, शांतपणे. दहाव्याला चाचा आले होते, कोळीणही आली होती. सगळे म्हणाले, माणूस सोन्यासारखा, शेवटी शेवटी तेवढं विसरायला लागला होता. मी मान डोलावली. मेहुणीबाई अजून तेच म्हणतात. हे लिहून झालं की आधी त्यांना वाचून दाखवणार आहे.

भाऊसाहेब, तुम्ही काहीही विसरला नव्हतात. वही मी तुम्हाला दिलीच नव्हती, ती माझ्या हातून गेली. तुमच्या मनात त्या दिवशी जे आलं, ते खरं होतं. मला माफ करा.