बाबांच्या कोपराखालचा हात

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. दर ईस्टरच्या आधी कन्फेशनला बसते, बारीकसारीक सगळं ओकते — हे मात्र घशातच राहतं. आज तुम्हाला सांगते. तुम्हालाच का, ते विचारू नका.

आधी एक सांगू द्या — मला माझ्या यंत्राचा अभिमान आहे. आजही. पाचूबंदरच्या कोळ्याची पोर मी. घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. आणि तळहातावर मावणारं, मराठीत बोलणारं साखर तपासायचं यंत्र मी डिझाइन केलं. रक्ताचा थेंब पट्टीवर लावा, मोठं गोल बटण दाबा — यंत्र आकडा बोलून दाखवतं. डोळे अधू असोत, वाचता न येवो, कुणाचं अडत नाही. बोळिंजच्या आमच्या सोसायटीतही चार घरांत ते बोलतं. लिफ्टमध्ये कुणी कौतुक केलं की मी दिवसभर हवेत असते. लपवू कशाला?

मग अडलं कुठे? — बाबांपाशी. त्यांचे हात थरथरतात. यंत्र बाजारात येण्याआधीच्या चाचणीला कंप असलेला माणूस हवाच, हा हट्ट माझाच, म्हणून मी बाबांनाच ऑफिसात नेलं. केवढ्या तोऱ्यात नेलं. पण त्यांचं बोट एकदा दाबायला जायचं आणि बटण दोनदा दाबलं जायचं. दोनदा दाबलं की आकडा पुसला जातो. दोन खेपा फुकट गेल्या.

चाचणी घेणाऱ्याने गप्प बसायचं, खुणावायचंही नाही — हे मीच नव्या लोकांना शिकवते. आणि मी काय केलं? कंप सुरू झाल्यापासून बाबा जाळं शिवायला बसले, की सुई हलू नये म्हणून मी त्यांच्या कोपराखाली हात धरते. तसाच धरला. चाचणीचं चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यात फक्त बोटं दिसत होती. बटण एकदाच दाबलं गेलं. अहवालात मी लिहिलं — कंप असलेल्या व्यक्तीला जमलं.

चारचौघांत बापाची लाज राखली, असं इतके दिवस स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. दोष सुधारायचा तर यंत्र आणखी काही महिने रखडलं असतं, आणि खोक्यावर 'सगळ्यांसाठी' छापून तयार होतं. मला तो शब्द हवा होता.

परवा रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर पाचूबंदरला गेले. बाबा ओट्यावर शेजारच्या आंतोनकाकांना यंत्र दाखवत होते, "माझे पोरीनं केलंय." बटण दाबलं — आकडा गेला. दुसरं बोट टोचलं, नवी पट्टी लावली. पुन्हा गेला. त्यांच्या बोटांची टोकं टोचून टोचून काळी पडली होती. किती दिवस चाललं होतं हे?

बाबा माझ्याकडे बघून ओशाळं हसले. "मशीन ब्येस हाय, बाय. माझे हातच कामाचे नाय रेले."

मी म्हणाले, "वय झालं ना, बाबा."

त्यांनी मान डोलावली, आणि तिसरं बोट टोचायला माझ्यापुढे केलं.