टूच बरोबर आहे

बायको जाऊन तीन महिने झाले. रडू आलेलं नाही. सकाळी उठतो, दूध आणतो, तापवतो, पितो. लोक विचारतात, कसे आहात? मी म्हणतो, बरा आहे. बरा म्हणजे काय, ते त्यांनी ठरवावं.

मी सातवी शिकलेला. बुधवार पेठेत एका दुकानाच्या मागच्या खोलीत बसून जन्मभर जळके पंखे दुरुस्त केले. त्या कामाला हात लागतात, तोंड लागत नाही. घरीही माझं तेच. जेवण झालं की ‘ठीक’. ती आजारी असली की ‘डॉक्टरकडे जाऊन ये’. संपलं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कोथरूडच्या सोसायटीत बायकांसाठी इंग्रजी बोलायचा क्लास निघाला. हिने नाव घातलं. मी म्हटलं, “या वयात इंग्रजी कोणाशी बोलणार आहेस?”

“अहो, मराठीत तरी कोणाशी बोलते?” असं म्हणून ती चपला घालून गेली.

टोमणा होता, ते मला कळलं. टोमणा म्हणूनच सोडून दिला.

परवा रविवारी लेक कपाट आवरायला आली. रद्दीच्या ढिगात तिने क्लासची वहीही टाकली होती. मला इंग्रजी वाचता येत नाही. उगाच पानं उलटली. एका पानाच्या कडेला हिच्या अक्षरात मराठी दिसलं. ‘बाई, इथे टूच बरोबर आहे.’ त्यावर लाल शाईची बरोबरची खूण.

हिने जन्मात कोणाशी हुज्जत घातली नाही. भाजीवाल्याशीसुद्धा नाही. मग शिकवणाऱ्या बाईंशी कशावरून घातली, ते मला जाणून घ्यायचं होतं. लेकीपुढे वही धरली. “वाच.”

“व्हेरी म्हणजे खूप, बाबा. आणि टू म्हणजे अति. आमटीत मीठ जास्त पडलं, खाववेना, की टू. आईने सगळीकडे टूच ठोकलं होतं. चहा टू गरम, लेक टू हुशार.” ती हसली. “बाईंनी खोडून सगळीकडे व्हेरी केलंय.”

“मग?”

“मग आईने सगळी वाक्यं खाली परत लिहिलीत. चहा व्हेरी गरम. लेक व्हेरी हुशार.” तिने एका ओळीवर बोट ठेवलं. “एक तेवढं तसंच ठेवलंय.”

“कुठलं?”

“जाऊ दे ना, बाबा.”

“वाच म्हटलं ना.”

तिने आधी इंग्रजीत वाचलं. मग मराठीत सांगितलं. माझा नवरा अति गप्प असतो.

वर पंखा फिरत होता. बेअरिंग कुरकुरतंय, तेल द्यायला हवं, एवढंच माझ्या मनात आलं.

“चेष्टेत लिहिलं असेल तिने.”

“चेष्टेवर बाई बरोबरची खूण करत नाहीत.”

लेकीचे डोळे भरले. वही तिने मांडीवर घेतली. “बाबा, बोला ना काहीतरी.”

बोलायला हवं होतं. तिच्या आईशी बोललो नाही, तिच्याशी तरी. मी तोंड उघडलं.

“रद्दीत नको टाकूस ती,” म्हटलं.