शेरा : वास नाही

मला वास येत नाही. एवढंसं वाक्य चारचौघांत बोलायला मला बारा वर्षं लागली. बायकोला माहीत होतं, तिनं कुणाला सांगितलं नाही. बाकी कुणाला मी कळू दिलं नाही. ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच.

आमचं गाव आखाडा बाळापूरच्या अलीकडे, मोठ्या रस्त्याला लागून. तेव्हा जिल्हा परभणीच होता, हिंगोली वेगळी व्हायची होती. गावाजवळ रस्ता ओढ्यावरून वळतो. त्या वळणावर एका सकाळी डिझेलचा टँकर उलटला. ड्रायव्हर-क्लीनर वाचले. गाव मात्र डबे, घागरी, पातेली घेऊन धावलं. ओढ्यात चादरी बुडवून, पिळून डिझेल भरणारी माणसं मी पाहिली. एक कॅन मीही भरून आणला होता, तेही लिहून टाकतो.

आठ-दहा दिवसांत ओढ्याकाठच्या विहिरींच्या पाण्याला वास यायला लागला. लोक तहसीलवर गेले. तहसीलदारांनी गावातल्याच पाच नागरिकांची दक्षता समिती नेमून दिली. कामं दोन. ओढ्याजवळ टँकर थांबू आणि धुऊ द्यायचे नाहीत. आणि काठावरच्या सात विहिरींचं पाणी दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी तपासायचं. तपासायचं म्हणजे पोहरा सोडायचा, ओंजळभर पाणी नाकाशी न्यायचं आणि वहीत शेरा मारायचा : वास आहे, किंवा वास नाही. दुसरं काही साधन नव्हतं. निवृत्त पोस्टमास्तर अध्यक्ष झाले. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो, म्हणून नाक माझं ठरलं.

पाचांतलं कुणीच बौद्धवाड्यातलं नव्हतं. सातवी, सगळ्यांत खालच्या अंगाची विहीर मात्र बौद्धवाड्याची होती. हे तेव्हा कुणाला खटकलं नाही. मलाही नाही.

पहिलं वर्ष काम नीट झालं. वळणावरच्या ढाब्यासमोर आम्ही पत्र्याची पाटी लावली, ‘येथे टँकर धुऊ नयेत’. टँकर थांबायचे बंद झाले, पाण्याचा वास हळूहळू गेला. लोक चहाला बोलवायचे, पंचायतीत मला खुर्ची मिळायची. खोटं कशाला बोलू, ते मला आवडायचं.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात मला सर्दी झाली, ती महिनाभर हटली नाही. एकदा सकाळी स्टोव्हमध्ये रॉकेल ओतताना ते बाहीवर सांडलं. मला पत्ता नाही. तसाच शाळेत गेलो. पहिल्या बाकावरच्या पोरी नाकाला रुमाल लावून मागं सरकल्या. एक म्हणाली, “सर, तुमच्या अंगावर रॉकेल सांडलंय.” मी बाही नाकाशी धरली. काहीच नाही. घरी आल्यावर बायको म्हणाली, “तुमाला वासच येत न्हाई का हो?” नांदेडच्या डॉक्टरांनी औषध दिलं, पण भरवसा दिला नाही.

त्या रविवारी मी नेहमीसारखा सात विहिरींवर गेलो. सात ओंजळी नाकाशी धरल्या. सात वेळा लिहिलं, वास नाही. पुढच्या महिन्यात परत येईल, असं मनाशी म्हणालो. पुढच्या महिन्यातही तेच म्हणालो. असं वर्ष गेलं.

मधल्या काळात वाऱ्यानं पाटी पडली. ढाबेवाल्यानं ती चुलीला आडोसा म्हणून लावली आणि टँकर पुन्हा ओढ्यात धुतले जाऊ लागले. समितीतल्या सगळ्यांना ते दिसत होतं. अध्यक्ष म्हणायचे, “वहीत तर काही येत नाही ना? मग राहू द्या.” म्हणजे सगळा भार वहीवर, आणि वही माझ्या हातात.

सातव्या विहिरीशेजारी एक बाई राहायची. नवरा वारलेला, एक म्हैस, रोजमजुरी. सगळे तिला माय म्हणायचे. ती दोनदा मला म्हणाली, “गुर्जी, पानी वास मारून राहिलं.” मी वास घेतला आणि नाही म्हणालो. शेरा ‘वास आहे’ असा पडला, तर वस्तीला हापसा मंजूर होणार होता. म्हणून लोक म्हणू लागले, बाईला हापसा पाहिजे, पाण्याला काही झालं नाही.

एका बैठकीला ती म्हैस घेऊनच आली. पंचायतीसमोर दोन बादल्या ठेवल्या.

“ही शाळंच्या हापशाची, ही माझ्या हिरीची. आता बगा.”

म्हशीनं हापशाच्या पाण्यात तोंड घातलं, अर्धी बादली संपवली. मायनं तिला दुसऱ्या बादलीपाशी ओढलं. म्हशीनं तोंड खाली नेलं, फुरफुरली आणि मान वळवली.

“तहान भागली तिची,” मी म्हणालो.

“भागली? बरं.” मायनं पुन्हा हापशाची बादली पुढं केली. म्हशीनं उरलेलं पाणीही संपवलं.

लोक हसले. अध्यक्ष म्हणाले, “आता अहवालावर म्हशीचा अंगठा घ्यायचा का?”

“घ्या की. तिचं नाक तरी जाग्यावर हाय.”

तिला काही माहीत नव्हतं, सहज बोलून गेली. मी वही उघडून पानं चाळू लागलो. मागून कुणीतरी म्हणालं, “मलाबी येऊन राहिला वास.” त्याला दुसऱ्यानं गप्प केलं, “तुला काय कळतं रे? गुर्जी हायत ना.”

माय माझ्याकडं पाहत होती. “काहून बोलत न्हाई गुर्जी? तुमी सांगा.”

मी वाकलो. पाण्यावर बारीक तवंग होता, डोळ्यांना दिसत होता. आज ‘आहे’ म्हटलं असतं, तर आधीच्या बारा महिन्यांचं कुणी विचारलं असतं. “नाही,” मी म्हणालो. वहीत लिहिलं, सही केली. मायनं बादली तिथंच पालथी केली आणि म्हैस घेऊन गेली.

त्या वर्षीचा हापसा दुसऱ्या गावाला गेला. बौद्धवाड्यातल्या बाया शाळेपर्यंत पाण्याला यायच्या. मी वर्गात फळ्यावर लिहीत असायचो आणि बाहेर हापशाचा दांडा कुरकुरायचा. ज्यांना चालणं होत नव्हतं, ते तेच पाणी प्यायचे. किती जणांची पोटं बिघडली, मी कधी विचारलं नाही. विचारायला भीत होतो.

हिंगोली जिल्हा झाल्यावर मायनं नव्या कचेरीत अर्ज दिला. माणसं आली, तिच्या विहिरीचं पाणी बाटल्यांत भरून नेलं. त्यात तेल निघालं. विहीर बंद केली, हापसा मिळाला. तक्रार तिच्या एकटीची होती, म्हणून बाटल्या तिच्याच विहिरीच्या भरल्या. समिती तोवर आपोआप मिटली होती. मला कुणीच काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतरही बरीच वर्षं गेली, ओढ्यात टँकर धुणं चालूच राहिलं. गेल्या उन्हाळ्यात मी मायकडं गेलो. ती दारात तूर पाखडत होती. मी सगळं सांगितलं, सर्दीपासून म्हशीपर्यंत. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

“म्हंजी तवा तुमाला वासच येत नव्हता?”

“नाही.”

“अन् तरी लिवत व्हते.”

“हो.”

ती पाखडत राहिली. माफ केलं असं म्हणाली नाही, शिवीही दिली नाही. मग म्हणाली, “माझ्या हिरीचं झालं ते झालं. वरच्या सहा हिरींचं काय? तुमच्या वहीच्या भरवशावर लोक आजबी तिथलंच पानी पिऊन राहिले.”

मी बारा वर्षं एकाच विहिरीचं ओझं वाहत होतो. बाकीच्या सहा माझ्या मनातही आल्या नव्हत्या.

“रविवारी या,” ती म्हणाली. “वास म्या घेते. तुमी लिवा.”

रविवारी ती पोहरा घेऊन पुढं, मी वही घेऊन मागं. पहिल्या दोन विहिरी बऱ्या निघाल्या. तिसरीवर विहिरीचा मालक भेटला. “काय माय, आता समितीत तू व्हय?”

“व्हय. गुर्जीला सर्दी हाय,” ती म्हणाली.

मला आडोसा मिळाला होता. तो घ्यायची सवय होती.

“सर्दी नाही,” मी म्हणालो. “मला वास येत नाही. बारा वर्षं झाली.”

त्यानं वहीकडं बोट केलं. “मग वहीत काय लिवत व्हते?”

मी वहीचं कोरं पान उघडलं. मायनं तोवर पोहरा वर ओढला, ओंजळ नाकाशी नेली, पुन्हा एकदा नेली आणि पाणी बाजूला फेकून दिलं.

“हिला येतो,” ती म्हणाली. “लिवा.”

मी लिहिलं.