पेटीखालचा हात

फिन्टनला एकच गोष्ट हवी होती: आजोबांच्या शवपेटीला पुढून खांदा. आणि तिथे लोर्कन नको.

लोर्कन त्याचा आतेभाऊ, आयर्लंडच्या क्लेअरमधल्या त्यांच्या गावच्या हर्लिंग संघाचा लाडका. रविवारी त्याने काठीने चेंडू खांबांमधून मारला, की सोमवारी गावभर मोबाइलवर तोच. फिन्टन राखीव बाकावर. त्याने मोबाइलवरच्या तगड्या पुरुषांचं ऐकून जिममध्ये खांदे कमावले होते. मान ताठ, बोलणं कमी, हेही त्यांनीच शिकवलेलं. दोघांच्या हाती पहिली काठी देणारे आजोबा मात्र एकदा पबमध्ये ते खांदे चाचपून म्हणाले होते, "छान आहेत रे. आता यांना काहीतरी काम शोध." सगळे हसले. लोर्कन सगळ्यांत जास्त.

सकाळी घरात चहा आणि हॅम सँडविच फिरत असताना फिन्टनने अंत्यविधीवाल्या डिनीला गाठलं. स्वतःसाठी पुढची जागा मागितली. लोर्कन मागे चालेल, असंही सुचवलं.

डिनीने दोघांना पाठीला पाठ लावून उभं केलं.

"मला तुमचं भांडण कळत नाही बाळा, उंची कळते. पेटी तिरकी गेली तर म्हातारा मलाच शिव्या घालेल. तुम्ही दोघं पुढे."

पुढे म्हणजे कसं, ते फिन्टनला ठाऊक होतं. एका खांद्यावर पेटी, आणि आतला हात पेटीखालून जोडीदाराच्या खांद्याभोवती. घट्ट, नाहीतर पावलं जुळत नाहीत. ज्याच्याशी तो वर्षभर धड बोलला नव्हता, त्यालाच कवेत घेऊन तो चर्चचा चढ चढू लागला. दुतर्फा संघाची पोरं जर्सी घालून उभी होती. सगळी लोर्कनकडेच बघताहेत, असं त्याला वाटलं.

मग हाताखालचा खांदा हलायला लागला. लोर्कन रडत होता. नाक ओढत, उघड उघड, गावासमोर. कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्याने टोपी काढली, म्हणाला, "रड गड्या, रड."

हेही यालाच जमतं, फिन्टनच्या मनात आलं. त्याचे स्वतःचे डोळे खडखडीत कोरडे होते.

"सोडू नकोस रे," लोर्कन पुटपुटला. "पाय लटपटताहेत माझे."

फिन्टनने पकड आवळली. लोर्कनचा भार आता त्याच्यावरच होता, आणि तो त्याला सहज पेलत होता. पण चर्चच्या दारापर्यंत एकच सल राहिली: त्या टोपीवाल्या म्हाताऱ्याने ‘रड गड्या’ हे आपल्याला का नाही म्हटलं.